चुलीत लाकूड आहे, पण हवा कुठंय?



आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या तोंडी रोज असतो. "अंगात जीवच नाही गं." "काही केलं नाही तरी दमायला होतं." "हंडा घेऊन चढ चढले की छातीत धडधडतं." गटाच्या बैठकीत बचत गोळा होईपर्यंत हे बोलणं दोन-तीन जणींकडून तरी ऐकू येतंच. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. कुणी म्हणते, ग्लुकोजची पावडर पाण्यात टाकून पी. कुणी म्हणते, एक सलाईन लावून घे, लगेच ताकद येईल. सलाईनसाठी चार-पाचशे रुपये मोडलेली बाई बहुतेक प्रत्येक गटात सापडते. काही जणींनी त्यासाठी गटातून कर्जसुद्धा उचललेलं असतं.

म्हणून आज आपण ताकद म्हणजे काय ते बघू. ती शरीरात नेमकी कुठे तयार होते, कशापासून होते आणि कुठे अडते, हे समजून घेऊ. ते एकदा कळलं की आपला पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येईल.

भाकरीची साखर होते

भाकरीचा तुकडा तोंडात धरून सावकाश चावत राहिलं तर थोड्या वेळानं तो गोड लागतो. आपण भाकरीत साखर घातलेली नसते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, बटाटा, साबुदाणा या सगळ्यांत पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. साखरेचे बारीक मणी एका लांब माळेत ओवावेत तसं हे पिष्ट असतं. तोंडातली लाळ ती माळ तोडायला सुरुवात करते आणि आतडं ते काम पुरं करतं. शेवटी सुटे मणी उरतात. त्या मण्याचं नाव ग्लुकोज. हे ग्लुकोज आतड्यातून रक्तात जातं आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतं.

आता एक गंमत ऐका. उपाशी पोटी आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम एक चहाचा चमचा ग्लुकोज असतं. तेवढंच. ते संपत जातं तसं यकृत, म्हणजे आपलं लिव्हर, साठ्यातून थोडं थोडं सोडत राहतं. जेवण झालं की जास्तीचं ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत साठवलं जातं, आणि तिथली जागा भरली की त्याची चरबी होते. आपल्या गटाचा हिशेबही असाच चालतो. हाताशी थोडी रोख, पेटीत थोडी जास्त आणि बाकीची बँकेत.

प्रत्येक घरची चूल वेगळी

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. भिंत विटांची असते तसं. माणसाच्या शरीरात साधारण 30 लाख कोटी पेशी असतात. मेंदूच्या, हृदयाच्या, हातापायांच्या स्नायूंच्या, कातडीच्या. या सगळ्यांसाठी एका ठिकाणी स्वयंपाक होऊन वाढला जातो, असं इथे होत नाही. हे गावजेवण नाही. जवळजवळ प्रत्येक पेशीत तिची स्वतःची चूल असते आणि तिथेच तिची ताकद तयार होते. रक्त फक्त जळण आणि हवा दाराशी आणून देतं.

पेशीतल्या या चुलीला आपल्या शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी मायटोकॉन्ड्रिया हा शब्द असतो. या इतक्या बारीक असतात की सुईच्या टोकावर शेकडो मावतील. जी पेशी जास्त राबते तिच्यात त्या जास्त असतात. हृदय रात्रंदिवस थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात.

नोट मोडायची कशी?

ग्लुकोज पेशीत आलं म्हणजे लगेच ताकद आली असं नाही. समजा तुमच्याकडे 500 रुपयांची नोट आहे आणि दुकानातून पाच रुपयांची काडेपेटी घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, "ताई, सुट्टे द्या." ग्लुकोज ही मोठी नोट आहे. पेशीला तिच्या बारीकसारीक कामांसाठी सुट्टे लागतात. या सुट्ट्या पैशांचं नाव आहे एटीपी. हात उचलायचा, पापणी मिटायची, जखम भरायची, दूध तयार करायचं, कुठलंही काम असो, पेशी एटीपी मोजूनच ते करते. हे एटीपी शरीरात एका वेळी थोडंसंच असतं आणि ते साठवून ठेवता येत नाही. खर्च झालं की पुन्हा बनवावं लागतं. श्वास घेण्याची आपली धडपड त्यासाठीच चाललेली असते.

नोट दोन पायऱ्यांत मोडली जाते. पहिल्या पायरीत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. हे काम पेशीतल्या द्रवात होतं, तंतुकणिकेच्या बाहेर, आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. पण यातून हाती येतात फक्त 2 एटीपी.

दुसरी पायरी तंतुकणिकेत होते. ते दोन तुकडे आत जातात आणि टप्प्याटप्प्यानं सुटत जातात. त्यांच्यातला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि त्याचं पाणी होतं. या सगळ्या प्रवासात जी ऊर्जा सुटते ती एटीपीमध्ये धरून ठेवली जाते. या पायरीसकट एका ग्लुकोजमागे साधारण 30 एटीपी मिळतात. यातला एक मोठा टप्पा हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञानं 1937 साली उलगडला. त्यासाठी त्यांना 1953 चं नोबेल मिळालं.

म्हणजे ऑक्सिजन नसला तर 2, असला तर 30. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, फरक लक्षात ठेवा.

चुलीतलं लाकूड आणि पेशीतली साखर, दोन्हींचं शेवटी एकच होतं. दोन्हींना हवेतला ऑक्सिजन लागतो, दोन्हींतून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा बाहेर पडते. फरक इतकाच की चुलीत भडका उडतो आणि पेशीत तेच काम हळूहळू, आच न लागता होतं. तरीही निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते. आपलं अंग कोमट असतं ते त्यामुळेच. आणि थंडीत काचेवर फुंकर मारली की जी वाफ धरते, त्या पाण्यात पेशींत तयार झालेलं पाणीही थोडं असतं.

धान्यसुद्धा श्वास घेतं

हे फक्त माणसात होतं असं समजू नका. कणगीतली ज्वारी जिवंत असते, म्हणून तर ती पेरली की उगवते. ती अगदी मंद श्वास घेत असते. धान्य ओलसर राहिलं तर दाण्यांचा, बुरशीचा आणि किड्यांचा श्वास वाढतो. मग आत हात घातला की धान्य गरम लागतं. शेणखताचा ढीग उकरला की वाफ निघते, तीही खत कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या श्वसनाचीच ऊब.

जुन्या पेवात धान्य भरून तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन याच कारणानं संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याचं आपण ऐकतो. पेव उघडलं तर बराच वेळ मोकळं ठेवायचं. एकट्यानं उतरायचं नाही. आत कुणी पडलं तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, आधी माणसं आणि दोर गोळा करायचे.

हवा कमी पडली की

पेशीला ऑक्सिजन कमी पडला तर ती काय करते? पहिल्या पायरीवरच भागवते. डोक्यावर भारा घेऊन आपण घाईनं चढ चढतो, तेव्हा पायांच्या स्नायूंना जेवढा ऑक्सिजन हवा तेवढा त्या क्षणी पोचत नाही. मग ग्लुकोजचे अर्धवट तुकडे लॅक्टिक आम्ल होऊन साठतात. पाय जड होतात, भरून येतात, धाप लागते. क्षणभर टेकलो की श्वास भरून येतो आणि पुन्हा चालता येतं.

दह्याचं विरजण हेच करतं. त्यातले जिवाणू दुधातली साखर ऑक्सिजनशिवाय मोडतात आणि लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दही आंबट होतं. जिवाणूला तेवढ्या कमाईत भागतं. आपल्याला भागत नाही.

आता खरा प्रश्न. चढ चढताना हवा कमी पडणं समजू शकतं. पण नुसतं अंगण झाडताना, कपडे पिळताना, बसल्या जागी दमायला का होतं?

हमाल कमी आहेत

छातीत घेतलेली हवा पेशीच्या दाराशी कोण पोचवतं? रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्या मध्यभागी लोह असतं. ऑक्सिजन या लोहाला चिकटून प्रवास करतो. या तांबड्या पेशींची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्यात तंतुकणिका नसतात. म्हणजे जो ऑक्सिजन त्या वाहून नेतात, तो स्वतः वापरत नाहीत. ज्याचा माल त्याच्या दारात जसाच्या तसा पोचवणारा प्रामाणिक हमालच म्हणा.

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी बनतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 किंवा त्याहून जास्त हवं, गरोदर बाईचं 11 किंवा जास्त. एखादीचं 8 असेल तर 12 हमालांपैकी 4 कामावर आलेलेच नाहीत असं समजा. मग उरलेल्यांना जास्त फेऱ्या माराव्या लागतात. त्यासाठी हृदय भराभर पळतं, म्हणून धडधडतं. श्वास वाढतो, म्हणून धाप लागते. इतकं करूनही पेशीच्या चुलीला हवा कमीच पडते. शिवाय तंतुकणिकेच्या स्वतःच्या यंत्रणेतही लोह लागतं. म्हणजे लोह कमी असलं की दुहेरी मार बसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, 2019 ते 2021 या काळात देशात 15 ते 49 वयाच्या शंभर बायांपैकी 57 जणींत रक्त कमी होतं. पुरुषांत हेच प्रमाण शंभरात 25 होतं. आपल्या महाराष्ट्रात बायांचा आकडा 54 होता. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच तरी. त्या पाच जणींना घरात काय ऐकावं लागतं? "कामाचा कंटाळा आहे." "नुसती नखरे करते." मैत्रिणींनो, पेशीला हवा न पोचणं हा आळस नाही. तिला धीर धर म्हणून किंवा तिच्यावर ओरडून एटीपी तयार होत नाही.

सलाईनचा हिशेब

आता त्या चार-पाचशे रुपयांकडे येऊ. सलाईनच्या बाटल्यांचे बरेच प्रकार असतात. साखरेची जी बाटली नेहमी वापरतात ती 5 टक्क्यांची असते. म्हणजे 500 मिलिलीटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज. पाच-सहा चहाचे चमचे. त्यातून मिळणारी ऊर्जा साधारण अर्ध्या भाकरीएवढी. आणि मिठाची बाटली असेल तर तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ताकद शून्य.

मग बरं का वाटतं? अंगात पाणी गेलं म्हणून. आणि दुसरं कारण म्हणजे दीड-दोन तास पडून राहायला मिळालं म्हणून. घरी एवढा वेळ आडवं व्हायला आपल्याला कोण देतं?

गैरसमज नको. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, ऑपरेशन असेल, तोंडानं काही घेता येत नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवतं. डॉक्टरांनी अशा वेळी सांगितलं तर लावायलाच हवं. पण रोजच्या थकव्यावर ते म्हणजे धुमसणाऱ्या चुलीत आणखी लाकूड कोंबणं. चूल धुरकटली की आपण काय करतो? लाकूड घालत नाही, फुंकणी घेतो. आपल्या अंगाची फुंकणी म्हणजे लोह. ग्लुकोजच्या पावडरीचंही तेच. जळण आधीच आहे, अडलंय ते हवेपाशी.

मग करायचं काय?

पहिलं, हिमोग्लोबिन तपासून घ्या. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आशाताईंना विचारा. आकडा कागदावर लिहून घ्या, नुसतं "थोडं कमी आहे" एवढ्यावर परत येऊ नका.

दुसरं, लोहाच्या गोळ्या. सरकारी कार्यक्रमात 20 ते 49 वयाच्या बायांसाठी आठवड्याला एक लाल गोळी असते. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. रक्त कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढ्या घ्यायच्या. गोळीनं शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. चहाबरोबर मात्र नको. चहा आणि गोळीत किमान एक तासाचं अंतर हवं, कारण चहा लोहाला आतड्यातून आत जाऊ देत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, ती वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगलं अंगी लागतं.

आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळ्या डब्यात टाकून देऊ नका. एक तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. जुन्या अशक्त पेशी जाऊन नव्या भरायला तीन-चार महिने लागणारच. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.

तिसरं, जेवण. बाजरी, हळीव, तीळ, मटकी, हरभरा, हिरव्या पालेभाज्या यांत लोह आहे. खाणाऱ्यांसाठी मटण, कलेजी, मासळी यांतलं लोह सगळ्यांत चांगलं अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत करा. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं असं नाही, त्यात लोह फार थोडं असतं. गुळावरही विसंबून राहू नका. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली सांगितलेलं प्रमाण असं आहे: पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला 29. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, म्हणून बाईला जास्त. आणि आपल्या घरांत कालवणाचा तळ, भाजीची पुसलेली कढई आणि उरलेली भाकरी कुणाच्या वाट्याला येते, ते मी सांगायला नको. ज्याला जास्त लागतं त्याच्या ताटात कमी, हा हिशेब आपण गटाच्या वहीत कधी खपवून घेतला नसता.

चौथं, जंत. काही जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. ते मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. शेतात, शौचाला जाताना पायात चप्पल हवी. मुलांना वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

पाचवं, पाळीत फार रक्त जात असेल, आठ-आठ दिवस जात असेल, तर ते सोसू नका. तिथून रक्त गळत असेल तर वरून कितीही गोळ्या घेतल्या तरी भर पडणार नाही.

आणि हिमोग्लोबिन चांगलं असूनही थकवा जात नसेल तर? तर चूल दुसरीकडे अडली असेल. मधुमेहात ग्लुकोज रक्तात भरपूर असतं, पण पेशीचं दार उघडणारं इन्शुलिन कमी पडतं किंवा त्याचं काम नीट होत नाही. जळण दारात पडून राहतं. थायरॉइड कमी असेल तर चुलीची आचच मंद होते. दोन्ही तपासण्या रक्ताच्याच आहेत. डॉक्टरांना विचारून करून घ्या.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीत कर्जफेडीच्या विषयानंतर एक विषय जास्तीचा घ्या: सगळ्या सदस्यांचं हिमोग्लोबिन. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना बैठकीला बोलवा, किंवा तारीख ठरवून सगळ्या मिळून केंद्रावर जा. एकटी बाई "काम पडलंय" म्हणून टाळते, दहा जणी मिळून गेल्या की कुणी मागे राहत नाही. प्रत्येकीचा आकडा तिच्या पासबुकाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा. चार महिन्यांनी पुन्हा तपासा आणि त्याच पानावर खाली लिहा. कुणाचा आकडा सगळ्यांसमोर वाचायचा की नाही, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. पण वाढ झाली का, एवढं इतिवृत्तात जरूर नोंदवा.

तुमच्या गटात हे झालं की आम्हाला कळवा. आता गोळी घेतली असेल तर चहा तासाभरानं ठेवा.